परत आलेला डबा

निघोज्याच्या इंदूआक्काचं नाव आधी लिहिते, मग बाकीचं. माझा प्रभूवरचा विश्वास आज जो काही आहे, ठिगळं लावलेला का होईना पण आहे, तो टिकवण्यात पाळकांचा, मंडळीचा, माझ्या आईचा हात आहेच. पण सगळ्यात जास्त हात आहे तो या बाईचा, जिच्या घरात रोज सकाळी घंटी वाजवून देवपूजा होते आणि जी आयुष्यात चर्चमध्ये एकदाच आली, तीही चपला हातात घेऊन. मी चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे देवाने माझं काय केलं ते सांगायला, उभी राहिले की हे सांगते, तेव्हा काही जण खाली बघतात. बघू देत. मी आठवीपर्यंत शिकलेली बाई, मला गोष्ट फिरवून सांगता येत नाही. जिच्यामुळे झालं तिचं नाव आधी यावं, एवढं मात्र कळतं.

आमचं गाव जालना जिल्ह्यात, तालुक्यापासून बरंच आत. गावाच्या कडेला आमची मोजकी ख्रिस्ती घरं, मधे पत्र्याचं प्रार्थनाघर आणि घंटेच्या जागी टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. आई आजारी पडली तेव्हा मी आठवीत होते. शाळा सुटली ती तेव्हाच. आई गेल्यावर परत जा असं कुणी म्हणालं नाही, मीही विषय काढला नाही. घरात बसून बसून मी सतरा-अठराची झाले. मामा भोसरीला एका वर्कशॉपमध्ये कामाला होता. तो म्हणाला, "इथं बसून काय करायलीस? तिकडं चाकणला नव्या नव्या कंपन्या उघडायल्या, कँटीनला बायका लागतात." अंथरूण, दोन ड्रेस आणि आईचं काळ्या कव्हराचं शास्त्र, म्हणजे बायबल, एका पिशवीत घालून मी त्याच्यामागे निघाले. मामाची खोली एक, पोरं तीन, आणि मामीचा चेहरा मला बघूनच उतरलेला. म्हणून त्याने ओळखीतून निघोज्यात खोली पाहिली. आक्काच्या गोठ्याला लागून, वर पत्रा, खाली सारवलेली जमीन. भाड्याचं बोलणं चाललं होतं तेवढ्यात आक्काने मला वरून खालपर्यंत बघितलं.

"पोरगी येकली ऱ्हानार?"

"हो आक्का," मामा म्हणाला. "कामावर जाईल, येईल."

"मंग गोठ्याकडं कशाला? भ्याव वाटंल तिला. आत झोपंल माज्याजवळ. खोलीत तिचं सामान ठिवा."

अशी ती खोली माझ्या पिशवीने भाड्याने घेतली आणि मी घरात राहिले. त्या घरात आक्का आणि तिचे मालक तात्या, दोघंच. मुलगी लांब दिलेली. तात्या फार बोलायचे नाहीत. त्यांच्या रानाच्या पलीकडे एका कंपनीची भिंत उभी राहिली होती आणि तिथल्या प्रेस मशीनचा दणका दिवसभर जमिनीतून यायचा. मांडणीवरची भांडी त्या तालावर किणकिणायची. तात्या म्हणायचे, जमिनीला धाप लागलीय. त्या दणक्यात म्हशीचं रेकणं, आक्काची घंटी, पाराजवळ थांबणाऱ्या कंपनीच्या बसचा हॉर्न, असं सगळं मिसळून सकाळ व्हायची. आज दिघीला माझ्या घरी सगळं शांत असतं, आणि कधी कधी त्या शांततेनेच मला जाग येते.

आमच्याकडे ज्वारी, तिथे बाजरी आणि भात. भात असा वासाचा, की शिजताना शेजारच्या घरालासुद्धा कळावं. हुलग्याचं माडगं मी पहिल्यांदा आक्काच्याच हातचं प्यायले. कँटीनमध्ये दिवसभर चपात्या लाटून माझ्या भुवया पिठाने पांढऱ्या झालेल्या असायच्या, आणि घरी आले की आक्का आधी माझं तोंड पदराने पुसायची, मग ताट वाढायची. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, "तुमच्यात निवद कसा दावत्यात?"

"आमच्यात दाखवत नाहीत, आक्का. डोळे मिटून आभार मानायचे आणि जेवायचं."

"मंजी देवाच्या आदी तुमीच?"

"देवाला भूक नसते."

"तुला सांगितलं त्येनं?"

तात्यांना ठसका लागला. आक्का मात्र गंभीर होती. तिच्या घरात चुलीवरून उतरलेलं पहिलं अन्न कोनाड्यातल्या देवांपुढे जायचं, वर तुळशीचं पान ठेवून. सणावारालाच असं नाही, रोज. तात्यांचा रानातला डबा असो, शेजारच्या बाळंतिणीला द्यायची खीर असो. "देवानं बघितल्याबिगर अन्न माजा उंबरा वलांडत न्हाई," असं ती म्हणायची, आणि माझ्या कँटीनच्या डब्यातली भाकरीसुद्धा आधी कोनाड्यासमोर थांबून मगच माझ्या पिशवीत यायची. वर पान दिसलं की मी ते हळूच बाजूला काढायची, मनातल्या मनात आभार मानायची आणि खायची. आम्ही दोघींनी त्यावर कधी वाद घातला नाही.

आभार मानायची म्हणते खरी, पण त्या दिवसांत माझी प्रार्थना होत नव्हती. आईच्या उशाशी बसून मी इतकं मागितलं होतं की मागायचे शब्दच संपून गेले होते. सगळी मंडळी उपास धरून बसली होती आणि आई गेली. निघोज्यात किराणा दुकानाबाहेर रुपयाचा फोन होता. कधी कधी रुपया आत पडायचा, पलीकडे कुणीतरी उचलल्यासारखं वाटायचं आणि मग काहीच नाही. आपण हॅलो हॅलो करत राहायचं. माझं देवाशी तसं झालं होतं. फोन ठेवून देववत नव्हता आणि बोलायला काही सुचत नव्हतं. तरी दर रविवारी मी जायचे. तळवड्यापर्यंत सहा सीटर रिक्षा, पुढे बस, आणि संत तुकाराम नगरात एका भाड्याच्या हॉलमध्ये आमची मराठी मंडळी भरायची. तिथे पेटी-तबल्यावर जी भजनं व्हायची त्यांच्या चाली आईच्या होत्या. आपल्या तोंडून शब्द फुटला नाही तरी भोवतीचे लोक गात राहतात, एवढाच मला आधार होता.

नुसतं बसून राहणं मला जमत नाही. काहीतरी हाताला काम हवं, नाहीतर जीव घाबरतो, तो आजही घाबरतो. मंडळीच्या महिला मंडळाचं सगळं साळवे मॅडम बघायच्या. शाळेत शिक्षिका, कडक इस्त्रीची सुती साडी, आणि बोलणं मोजकं. मी त्यांना विचारलं, लहान मुलांच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत शिकवायला मला घ्याल का.

"शिक्षण?"

"आठवी."

"पास?"

"परीक्षेला बसले नाही."

"मग मुलांना शास्त्र कसं वाचून दाखवणार, सलोमी? तू वाचताना अडखळतेस. पुढे बघू." त्यात राग नव्हता. होतं ते त्यांनी सांगितलं. पुढच्या रविवारपासून मी लवकर जाऊन हॉल झाडू लागले, सतरंज्या घालू लागले. झाडू हातात घेतला की कुणी शिक्षण विचारत नाही. बरेच महिने असे गेले. मग प्रभुभोजनाची भाकर करणाऱ्या आजींचे हात थरथरायला लागले आणि पाळकीणबाईंना आठवलं की मी कँटीनला चपात्या लाटते. अशी ती सेवा माझ्याकडे आली. शास्त्रात भाकर म्हणतात, पण आमच्या मंडळीत ती जाडसर चपातीच असते. नुसतं पीठ आणि पाणी. मीठ नाही, तेल नाही, खमीर नाही. कोरड्या तव्यावर मंद भाजायची, पांढऱ्या कापडात गुंडाळायची आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी न्यायची. पाळकसाहेब ती सगळ्यांसमोर मोडायचे आणि तुकडा तुकडा सगळ्यांना द्यायचे. कँटीनमध्ये माझ्या हातच्या चपात्या ढिगाने खपायच्या, कुणाचं लक्षही नसायचं. पण ती एक मोडली जायची तेव्हा मागे बसलेली मी मान उंचावून बघायची. देव माझ्याशी बोलत नसेल, पण माझ्या हातचं घेतोय, असं वाटायचं.

शनिवारी मी ती भाकर आक्काच्या चुलीवर करायची. आक्का समोर बसून बघायची. "मीठ बी न्हाई? देवाला आळनी?" असं दर वेळी म्हणायची आणि दर वेळी हसायची.

त्या शनिवारी मात्र मला घरी यायलाच मिळालं नाही. कँटीनच्या पुढच्या पाळीच्या बायका आल्या नव्हत्या, आणि सुपरवायझरने आम्हाला गेटवरच थांबवलं. ओव्हरटाइम नको म्हणायची सोय नव्हती. बस निघून गेली होती. मी किराणावाल्याला फोन करून निरोप ठेवला, की आक्काला सांगा, सलोमी सकाळीच येईल, भाकरीचं राहिलं. रविवारी उजाडल्यावर कंपनीच्या बसने पाराजवळ उतरले तेव्हा डोक्यात एकच होतं, आता पीठ कधी भिजवू, भाजू कधी, पोचू कधी. त्या दिवशी बाहेरगावचे पाहुणे पाळक येणार होते, हॉल भरणार होता, एका भाकरीने भागणार नव्हतं, तेही मी आक्काला आधी सांगून ठेवलं होतं. धावत दारात आले तर आक्का स्टीलचा डबा घेऊन उभी.

"आंगूळ कर. पानी तापलंय. तुजं काम झालंय."

"काय झालंय?"

"तुज्या देवाच्या भाकरी. मीठ न्हाई, त्याल न्हाई. म्या बघितलंय की तुला करताना."

मी तिच्या गळ्यातच पडले. "पीठ पुसतीस व्हय माज्या लुगड्याला," ती म्हणाली आणि मला न्हाणीकडे ढकललं. बसमध्ये डबा मांडीवर घेऊन बसले, तो अजून कोमट होता, आणि त्या कोमटपणाने मला झोप लागली. डबा उघडून बघायचं सुचलं नाही. तेव्हापासून मी कुठलाही डबा दोनदा उघडून बघितल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. माझी मुलं यावरून माझी नक्कल करतात.

हॉलच्या मागे एक छोटी खोली होती, तिथे प्रभुभोजनाची तयारी व्हायची. बाहेर भजन सुरू झालं होतं. साळवे मॅडमनी डबा उघडला, कापड बाजूला केलं आणि हात मागे घेतला. सगळ्यात वरच्या भाकरीवर तुळशीचं पान होतं, उष्णतेने मऊ पडलेलं, आणि त्याच्या शेजारी कुंकवाचं एक बोट.

"हे काय आहे?"

माझ्या लगेच लक्षात आलं. आक्काने मीठ, तेल, सगळं माझ्यासारखं केलं होतं, आणि मग उंबऱ्याच्या बाहेर जाणाऱ्या अन्नाचं ती जे रोज करते तेही केलं होतं. तिच्या मते त्याशिवाय काम पूर्ण झालंच नसतं. मी सांगितलं, कामावर अडकले होते, घरमालकिणीने करून दिलं.

"आणि मूर्तीपुढे ठेवून दिलं," मॅडम म्हणाल्या. "मुद्दाम."

"मुद्दाम नाही, मॅडम."

"तुला काय माहीत?" मग त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांचा आवाज उतरला. "हे बघ, तुला ठाऊक नव्हतं ना? मग मंडळीच्या कमिटीपुढे तेवढंच सांग. त्या बाईनं खोडसाळपणा केला. तुझ्यावर काही येणार नाही. तुझी राहायची सोय आपण दुसरीकडे करू, आपल्या माणसांत."

मला फक्त मान हलवायची होती. भाकरीची सेवा माझ्याकडे राहिली असती, हॉल राहिला असता, कदाचित शब्बाथ शाळाही मिळाली असती. एक मात्र इथे लिहून ठेवते, की ती भाकर टेबलावर ठेवावी असं मलाही वाटत नव्हतं. दुसऱ्या देवापुढे ठेवलेलं प्रभूच्या मेजावर येऊ नये, हे मी तेव्हाही मानत होते, आजही मानते. पण आक्काच्या मनात जे नव्हतं ते तिच्या माथी मारायला माझी मान हलेना.

"मॅडम, तिच्या घरात तात्यांचा डबासुद्धा देवाला दाखवून जातो. तिनं आपल्या भाकरीला तेवढाच मान दिला. खोडसाळपणा नाही केला."

"मान," असं त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. तेव्हा मला ते का, ते कळलं नाही. पुढे त्यांनीच सांगितलं, की त्यांच्या वडिलांनी प्रभूला स्वीकारलं तेव्हा घरातले देव नदीत सोडले, आणि भावांनी त्यांना बायकापोरांसकट घराबाहेर काढलं. ते पान त्यांच्यासाठी साधं पान नव्हतं. पाळकसाहेब तरुण होते, नवीन होते. त्यांनी बेकरीतून पाव मागवला आणि मला म्हणाले, आज तू मागे बस, पुढचं कमिटी बघेल. उपासनेनंतर कमिटीने बघितलं. त्या घरात राहतेस तोवर भाकर नाही, हॉलचं काम नाही, आणि प्रभुभोजन घ्यायला पुढे यायचं नाही. घर बदल, मग बोलू. मी बाहेरच्या पायरीवर, काढून ठेवलेल्या चपलांशेजारी बराच वेळ बसले. मग डबा घेऊन बस पकडली.

आक्का अंगणातच होती. "झालं का? खाल्ल्या का लोकांनी?" असं म्हणत तिने डबा घेतला, आणि घेताक्षणी वजनावरून तिला कळलं. तिने झाकण उघडलं नाही.

"परत आल्या?"

"आमच्यात दाखवत नाहीत, आक्का. एकदा दुसरीकडे दाखवलं की..."

"मंजी माज्या हातानं घान झालं म्हन की."

"घाण नाही, आक्का. कुणीच तसं म्हणालं नाही." हे खोटं नव्हतं, पण पुरेसंही नव्हतं. ती चुलीपाशी जाऊन बसली. तात्या दारातून एकदा डोकावले आणि गेले. बऱ्याच वेळाने तिने आमटी गरम केली, दोन ताटं घेतली आणि त्या भाकरी वाढल्या. "तुज्या देवानं न्हाई खाल्ल्या, आपुन खाऊ. अन्न हाय. म्हन तुजे ते आभार."

"मनात म्हणते."

"मनात नगं. मला बी आयकू दे काय म्हनतीस त्ये."

आई गेल्यापासून मी मोठ्याने प्रार्थना केली नव्हती. डोळे मिटले आणि जे आलं ते एवढंच, "प्रभू, आक्काला वाईट वाटू देऊ नको." बोलून झालं तरी डोळे उघडवेनात.

"माज्याबद्दल सांगतीस व्हय त्येला," आक्का म्हणाली. "बरं. जेव." पलीकडून कुणी फोनवर बोललं असं मी म्हणणार नाही. पण मी बोलले होते, आणि रुपया वाया गेला असं वाटलं नाही.

तरी चर्चला जायची हिंमत होईना. पुढचे काही रविवार मी ओव्हरटाइम मागून घेतला. ज्या रविवारी तो नव्हता त्या दिवशी पांघरूण ओढून पडून राहिले. मला वाटू लागलं होतं, की देवाला मी नकोच असेन. आधी आईला नेलं, आता हातचं काम नेलं. मागे बसणाऱ्या आठवीवालीने उगाच का चिकटून राहायचं? आक्काने पांघरूण ओढलं.

"न्हाई का जायचं?"

"नाही."

"देव रुसलाय का मानसं?"

"माणसं."

"मंग देवानं काय केलंय तुजं?"

मी उठून बसले आणि सगळं सांगितलं, घर बदलायचंसुद्धा. तोवर ते मी तिच्यापासून लपवलं होतं. ती उठली. म्हशीला पाणी पाजायला गेली आणि बराच वेळ आलीच नाही. मी खिडकीतून बघितलं, तर म्हशीच्या पाठीवर हात ठेवून नुसती उभी होती.

पुढच्या रविवारी ती हिरवं नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन दारात तयार. सहा सीटरमध्ये एकाने विचारलं, "कुठं निघाली आक्का?" "पोरीच्या देवाला," म्हणाली. हॉलच्या पायरीवर तिने चपला काढल्या आणि उचलून हातात घेतल्या. मी म्हटलं, इथे ठेव, कुणी नेत नाही. "तुज्या लोकांवर इस्वास हाय, पुन्याच्या लोकांवर न्हाई." सगळी उपासना ती शेवटच्या सतरंजीवर, चपला मांडीत धरून बसली. भजनाला तिची मान डोलत होती. आशीर्वाद झाला, लोक उठायला लागले, आणि ती सरळ पुढे चालत गेली. मी तिचा पदर ओढला. "सोड. तुज्यापरीस मोटी हाय म्या."

"सायेब कोन?"

पाळकसाहेबांनी हात जोडले. साळवे मॅडम बाजूलाच उभ्या होत्या.

"म्या इंदू. पोरगी माज्याकडं ऱ्हाती. ती भाकर म्या केली, निवद बी म्याच दावला. तिला ठावं न्हवतं."

"आमच्यात ते चालत नाही, बाई," मॅडम म्हणाल्या.

"न्हाई चालत, कळलं. तुमच्या घरात तुमची रीत. म्या इच्यारलं न्हाई, ही चूक माजी. तिची न्हाई." मग ती थांबली, चपला या हातातून त्या हातात घेतल्या. "आता तुमी म्हनता, माज्याकडं ऱ्हायली तर तुमच्यात न्हाई बसायची. मंग म्या तिचं गाठुडं बांदून देते. आजच न्या तिला. पन तिला हितं बसाया द्या. बिनआईची हाय. आईनं दिल्यालं येवढं येकच हाय तिच्यापाशी."

हॉलमध्ये लोक होते तिथेच थांबले. आक्काने चपला छातीशी धरल्या. मला तिचं घर सोडून जाणं किती जड जाईल, हे मी मोजलं होतं. तिला किती जड जाईल, हे तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं. साळवे मॅडमनी खुर्ची ओढली. आक्का खालीच बसली. "पानी मिळंल का?" म्हणाली. मॅडम स्वतः गेल्या आणि ग्लास भरून आणला, आणि तिच्या हातात देताना क्षणभर थांबल्या. आक्काने ग्लास ओठाला लावला आणि घटाघटा संपवला, पदराने तोंड पुसलं.

"गार हाय. हापशाचं का?"

"नळाचं," मॅडम म्हणाल्या. तो रिकामा ग्लास घेऊन त्या तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्या लहानपणी त्यांच्या गावात त्यांच्या हातचं पाणी कुणी घेत नसे, हे त्यांनी मला पुढे, शेवटच्या आजारपणात सांगितलं. त्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, "गाठोडं बांधू नका."

कमिटीने आपला ठराव मागे घेतला असं कुणी जाहीर केलं नाही. पण पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मॅडमनी मला खुणेने आपल्या शेजारी बसवलं आणि प्रभुभोजनाचं ताट आलं तेव्हा ते माझ्याकडे सरकवलं. भाकरीची सेवा परत यायला पुष्कळ काळ गेला. ती आली तेव्हा मॅडमनी एकच विचारलं, तिथं दाखवणार नाही ना. मी आक्काला सांगितलं. आक्काने विचार केला, उठली, आणि आपलं जुनं लुगडं कोनाड्यावर पडद्यासारखं टांगलं. "त्येनला सांगितलंय, घटकाभर तिकडं बघा, ह्ये तुमचं न्हवं." लग्न होऊन त्या घरातून निघेपर्यंत महिन्यातून एका शनिवारी, तवा तापला की पडदा पडायचा, आणि भाकर कापडात गुंडाळून झाली की आक्का तो सारून म्हणायची, "झालं, वळा आता."

आज मी दिघीला राहते. भाकर अजून माझ्याकडे आहे, शब्बाथ शाळेतली सगळ्यात लहान मुलंही. त्यांना मी वाचून दाखवत नाही, तोंडी सांगते. आठवड्यातून एकदा डबा घेऊन सरकारी दवाखान्यात जाते, ज्यांना भेटायला कुणी येत नाही त्यांच्याजवळ बसते. शंका संपल्या असं नाही. अजूनही कधी कधी पलीकडून आवाज येत नाही, तेव्हा मी आक्काचा प्रश्न स्वतःला विचारते, देव रुसलाय का माणसं, आणि उठून साडी नेसते.

तात्या गेले. घरावर स्लॅब पडला, गोठ्याच्या जागी भाड्याच्या खोल्या झाल्या आणि दारावरून कंटेनर जातात. आक्का खाटेवर असते, पुतण्याची सून तिचं करते. मागच्या वेळी गेले तेव्हा तिने माझं नाव चुकवलं, मग माझ्या भुवईवरून अंगठा फिरवून पीठ आहे का बघितलं आणि म्हणाली, "सलू. अजून गाता का गं तुमी?" चर्चमधून निघताना त्या दिवशी ती म्हणाली होती, लई ग्वाड गाता, पुन्यांदा यीन आयकाया. रान, म्हैस, गुडघे, यात ते राहूनच गेलं.

आक्का, तू येऊ शकत नाहीस, तर आम्ही येऊ. पेटी, तबला, सतरंज्या आणि आमची सगळी मंडळी घेऊन मी तुझ्या अंगणात येईन, तुला खाटेसकट बाहेर आणीन आणि तू पुरे म्हणेपर्यंत आम्ही गाऊ. कोनाड्यावर पडदा टाकायची गरज नाही, तुझं घर आहे. त्या दिवशी चूल मी पेटवीन, मीठ घालून भाकरी करीन, आणि डोळे मिटून मोठ्याने आभार मानीन, म्हणजे तुला ऐकू येईल. मग पहिला घास मोडून तुझ्या तोंडात घालीन.